उत्तर कोकणातली जुनी चर्चेस : दोन दिवस, आईचे गुडघे आणि आठवीतला मुलगा

पावसाळी_चप्पल

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर दोन दिवस काढून वसई ते वांद्रे या पट्ट्यातली जुनी चर्चेस बघायचा विचार आहे. गोव्यातली दोनदा बघून झाली. पण आपल्या दाराशी साडेचारशे वर्षांचे धर्मग्राम (एकेका चर्चभोवतीचे ख्रिस्ती समाज, म्हणजे पॅरिश) आहेत आणि आपण झोप काढत विरारला उतरतो, हे मला आत्ता चाळिशीत कळलं.

कारण आई. आई रेल्वेच्या ऑफिसात होती. शेजारच्या टेबलावर वसईतल्या पापडी गावच्या एक बाई बसायच्या. दरवर्षी डब्यातून सुकेळी (सुकवलेली केळी) आणायच्या आणि "एकदा घरी या, आमचं चर्च दाखवते" म्हणायच्या. आई "येते, येते" म्हणत रिटायर झाली. त्या बाई गेल्या वर्षी वारल्या. आता आईला जायचंय.

तर, बाहेरून फोटो काढून 'वा वा' करायचं नाहीये. आत बसता येईल अशी ठिकाणं सुचवा. आईचे गुडघे बोलतात, म्हणून पायऱ्या बेताच्या हव्यात. मुलगा आठवीत आहे. किल्ला नसेल तर तो दोन दिवस बोलणार नाही. (हे चांगलं की वाईट, अजून ठरलेलं नाही.) गाडी नेणार नाही, लोकल आणि रिक्षा. कुठून सुरुवात करू?

खाडीपलीकडचा

वसईच्या किल्ल्यापासून. दुसरं उत्तर नाही.

वसई रोड पश्चिमेला उतरून रिक्षा करा. सकाळी आठच्या आत पोचा, नाहीतर प्री-वेडिंगवाल्यांच्या पांढऱ्या गाऊनमधून वाट काढावी लागेल. आत डोमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा तिन्ही ख्रिस्ती संन्यासी संघांची चर्चेस आहेत, शिवाय सेंट जोसेफचं कॅथेड्रल. त्याच्या दारावरच्या शिलालेखात १६०१ सालच्या बांधकामाची नोंद आहे. छप्पर बहुतेकांना नाही. झाडं मात्र सगळ्यांना आहेत.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये खाली बघत चाला. जमीनच थडग्यांची आहे. मी गेलो तेव्हा नुकता पाऊस थांबला होता, दगडांवर शेवाळ होतं आणि कोरलेल्या पोर्तुगीज अक्षरांत पाणी साचलेलं. एरवी वाचता न येणारी नावं पाण्यामुळे स्पष्ट दिसत होती. एका नावावर शेळी बसली होती. तिला उठवायचा धीर झाला नाही.

तात्या_गिरगावकर

धाग्याचा विषय उत्तम, शीर्षकाला मात्र हरकत. 'चर्चेस' हे कुठलं मराठी? 'बस'चं 'बसेस' केलंत, 'ग्लास'चं 'ग्लासेस' केलंत, आता हेही. मराठीत चर्च नपुंसकलिंगी, अनेकवचन 'चर्चं'. इति लेखनसीमा.

चिंचपोकळीचा_चिंतू

तात्या, चर्चची चर्चा सुरू होण्याआधीच चर्चवर चर्चा? (ह.घ्या.)

नंदाखाळकर

तात्या, आमची आजी 'देवळात जाऊन येते' म्हणायची, आणि जायची ती चर्चमध्येच. अनेकवचन देवळं. वाद मिटला.

आता जरा सविस्तर, कारण हा धागा म्हणजे आमच्या अंगणात पाहुणे आल्यासारखा आहे.

ताई, किल्ला जरूर बघा, पण किल्ल्यातली चर्चेस ही वसईची चर्चेस नाहीत. ती पोर्तुगीज साहेबांची होती. फिदाल्गो (पोर्तुगीज उमराव), सरदार, कॅप्टन आणि त्यांचे पाद्री तिथे जायचे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला आणि ते सगळे गोव्याला निघून गेले. आमचे लोक कुठे जाणार? वाडी इथे, विहीर इथे, केळी इथे. युरोपियन पाद्री गेल्यावर गोमंतकीय पाद्र्यांनी गावोगावची देवळं सांभाळली. म्हणून किल्ल्यातली ओस पडली आणि सांडोर, पापडी, रमेदी, माणिकपूर, आगाशी, नंदाखाळ इथली आजही दर रविवारी भरतात. आमच्या नंदाखाळचा पवित्र आत्म्याचा धर्मग्राम १५७३चा आहे, माणिकपूरचा १६०६चा.

तुमच्या आईंना आत बसायचंय ना? मग रविवारच्या पहिल्या मिस्साला (सामूहिक उपासनेला) या. शेवटच्या बाकावर बसा, कुणी काही विचारणार नाही. पूर्ण मिस्सा मराठीत असते, गायनासकट. पुढच्या बाकांवर लाल लुगड्यातल्या चार-पाच म्हाताऱ्या अजून दिसतील, पुढच्या दहा वर्षांत दिसतीलच असं नाही. आजीच्या लहानपणी सगळं लॅटिनमध्ये असायचं. वेदीवरून फादर "दोमिनुस वोबिस्कुम" म्हणाले की वाडीतल्या बायका एका सुरात "एत कुम स्पिरितु तुओ" म्हणायच्या. अर्थ एकीलाही ठाऊक नसायचा. साठच्या दशकात व्हॅटिकनची दुसरी परिषद झाली, मग मराठी आलं. तेव्हा आजी म्हणाली होती, "आता देवाला कळतंय, पण मला पाठ होत नाही."

चर्च दुपारी बहुतेक बंद असतं. सकाळी किंवा संध्याकाळी या. चपला काढायच्या नसतात, हे आधीच सांगून ठेवतो. दर वेळी कुणीतरी दारात काढून आत येतं, आणि मग आम्हालाच संकोच वाटतो.

पावसाळी_चप्पल

@नंदाखाळकर, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. "देवाला कळतंय पण मला पाठ होत नाही" यावर ती इतकी हसली की गोळी घ्यायची राहून गेली.

@तात्या, शीर्षक आता बदलता येत नाही हो. संपादकांना विनंती करा.

दगडधोंडे

वास्तुरचनेचा माणूस आहे, म्हणून थोडा मिठाचा खडा टाकतो.

पाटीवर '१५७३' किंवा '१६०६' दिसलं म्हणजे समोरची इमारत तेव्हाची, असं समजू नका. तो आकडा धर्मग्रामाच्या स्थापनेचा असतो. इमारत दोनदा-तीनदा बदललेली असू शकते. मे १६१८ च्या चक्रीवादळाने वसई-साष्टीतली (साष्टी म्हणजे आजची मुंबईची उपनगरं आणि ठाणे) कितीतरी चर्चेस उघडी पाडली. पुढे १७३९ ची लढाई झाली, त्यानंतर शंभर वर्षांची गरिबी आली, आणि मग विसाव्या शतकात लोकसंख्या वाढली तशी पाडापाड आणि विस्तार. उरलं काय, तर कुठे दर्शनी भिंत, कुठे बुरुज, कुठे फक्त बाहेरचा क्रूस.

दादरचं पोर्तुगीज चर्च हे याचं टोकाचं उदाहरण. धर्मग्राम १५९६चा, पण आजची इमारत चार्ल्स कोरियांची, सत्तरच्या दशकातली. उघडी अंगणं आणि वर काँक्रीटचे शंकू. नाव पोर्तुगीज, अंगावर एक पोर्तुगीज दगड नाही. मला ती फार आवडते, पण 'ऐतिहासिक' म्हणून कुणी तिथे गेलं तर फसगत व्हायची.

खरा जुना दगड बघायचा असेल तर माझी यादी वेगळी आहे. वांद्र्याचं सेंट अँड्र्यू बघा. जेझुइटांनी १५७५ मध्ये उभारलेलं, समुद्राकाठी, आणि ते १६१८ च्या वादळातून वाचलं. आवारात एका अखंड दगडाचा उंच क्रूस आहे. त्यावर येशूच्या यातनांची सगळी चिन्हं कोरली आहेत. अर्धा तास त्याच्याभोवती नुसतं फिरा. दुसरं एरंगळचं सेंट बोनाव्हेंचर, थेट वाळूवर. वर्सोव्याहून मढच्या बोटीने जा, मुलगा खूश होईल. तिसरं मरोळच्या सीप्झमधलं सेंट जॉन बाप्टिस्ट. १५७९चं, पण १८४० च्या साथीत गाव उठलं आणि चर्च ओस पडलं. आज ते औद्योगिक वसाहतीच्या कुंपणात आहे. हिऱ्यांचे कारखाने, सॉफ्टवेअरवाले, आणि मधे छप्पर नसलेलं चर्च. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, तिथे मिस्सा होते.

नंदाखाळकर

@दगडधोंडे, मुद्दा मान्य, पण मिठाचा खडा परत करतो. इमारत जुनी नाही, म्हणून चर्च जुनं नाही? पंढरपूरचं देऊळ किती वेळा बांधलं, ते बघून कुणी वारीचं वय ठरवतं का?

दगडधोंडे

तसं नाही म्हणत. पण एक पाहिलेलं सांगतो, गावाचं नाव घेत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी एका चर्चचं नूतनीकरण चाललं होतं, सहज डोकावलो. आतला चुन्याचा गिलावा खरवडून ढीग करून ठेवलेला. जाड, पांढरा, मधेमधे शिंपल्यांचे तुकडे. बोटाने दाबला तर अजून घट्ट. त्या जागी सिमेंट मारलं आणि कमरेपर्यंत चकचकीत ग्रॅनाइट लावला. पुढच्याच पावसाळ्यात ग्रॅनाइटच्या वरची भिंत फुगली, कारण दगड-चुन्याच्या भिंतीला श्वास घ्यायला जागाच ठेवली नव्हती. मग ओल दिसू नये म्हणून प्लास्टिकचा रंग दिला. मी बोलायला गेलो तर कमिटीतले काका म्हणाले, "तुम्ही वर्षातून एकदा येणार. आम्हाला रोज झाडायचंय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गिलाव्याचा एक तुकडा मात्र टेबलावर आहे अजून.

नंदाखाळकर

ते काका आमच्याच नात्यातले निघतील. :)

खरं सांगू, बरोबर तुम्हीच आहात आणि काकाही. चर्च बांधलं तेव्हा वाडीत शंभर घरं असतील, आज नाताळच्या मध्यरात्री आवारात मांडव घालावा लागतो. पण चुन्याचं कुणी आधी समजावलं असतं तर ऐकलं असतं. लोकांचं प्रेम ग्रॅनाइटवर नाही हो, टिकण्यावर आहे.

मोडी_लिपी

घंटांचा विषय अजून कसा निघाला नाही?

वसई मोहिमेनंतर मराठ्यांनी चर्चमधल्या घंटा विजयचिन्ह म्हणून नेल्या आणि देवळांत बांधल्या. भीमाशंकरची बघितली असेलच, तिच्यावर १७२९ साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याखाली घाटावर एक आहे, तिच्यावर १७०७ आणि बाळ येशूला घेतलेली मरियम. नाशिकला गोदाकाठची नारोशंकराची घंटा, १७२१. मोठा आवाज असलेल्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, ती हीच.

तेव्हा ताई, वसईच्या चर्चचा एक भाग बघायला तुम्हाला वाईला जावं लागेल.

तात्या_गिरगावकर

आमच्या हिला माहेरी नारोशंकराची घंटाच म्हणत. आता कळलं की ती मूळची पोर्तुगीज. आज रात्री हा मुद्दा मांडून बघतो.

चिंचपोकळीचा_चिंतू

तात्या, उद्या सकाळी एक प्रतिसाद टाका. काळजी वाटतेय.

रोखठोक_७२

सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून विचारतो. ही चर्चेस काय हवेत उभी राहिली? पोर्तुगीजांनी देवळं पाडली, लोक बाटवले. ते सोडून नुसतं स्थापत्य बघायचं?

मोडी_लिपी

सोडून कशाला, बघूनच घ्यायचं. बोरिवलीचं मंडपेश्वर हे त्याचं चालतं-बोलतं उदाहरण. मुळात शैव लेणी. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनिओ दो पोर्तो यांनी सोळाव्या शतकाच्या मध्यावर तिथे चर्च केलं, वर मठ बांधला. आत एका भिंतीवर आजही मोठा क्रूस कोरलेला दिसतो, आणि दुसरीकडे नटराज. १७३९ नंतर मराठ्यांनी पुन्हा पूजा सुरू केली. आज खाली शंकराचं देऊळ, डोक्यावर पडक्या मठाच्या भिंती आणि शेजारी चालू चर्च. दोनशे पावलांत सगळा इतिहास. लपवलेलं काही नाही, फक्त बोरिवली स्टेशनवरून रिक्षा करायचा कंटाळा सोडावा लागतो.

एक जोड. या किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांनी आणला, हेही अर्धसत्य. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉसमस कल्याणला बिशप असल्याचं लिहून गेलाय. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले, तेव्हा वास्को द गामाचे आजोबाही जन्मले नसतील.

रोखठोक_७२

मंडपेश्वरची माहिती चांगली. पण प्रश्न राहतोच.

नंदाखाळकर

@रोखठोक, प्रश्न राहू द्या, मलाही पडतो. माझ्या पूर्वजाला कुणी विचारून पाणी शिंपडलं की न विचारता, ते नोंदवहीत लिहिलेलं नाही. पण त्यानंतर पंधरा-सोळा पिढ्या आम्ही स्वतःहून गुडघे टेकलेत, त्याचाही हिशेब धरा.

आणि जाता जाता एक दुखणं. पुण्यात कुणाला आडनाव लोपीस सांगितलं की हमखास ऐकावं लागतं, "अय्या, मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" अहो, आमच्या नंदाखाळचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. हरित वसईच्या लढ्यात तेच पुढे होते. मराठी आम्ही कुठून शिकून आलेलो नाही, चुलीजवळच ऐकत आलोय.

संपादक_मंडळ

चर्चा संयत आहे, तशीच राहू द्या. धर्मांतरासाठी वेगळा धागा काढता येईल. इथे प्रवास.

केळीचं_पान

प्रवास म्हणजे खाणं. माझं सासर आगाशीकडचं (आम्ही हिंदू, शेजार सगळा ख्रिस्ती), म्हणून हक्काने लिहिते.

निर्मळला नक्की थांबा. एकीकडे तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी मानतात ते देऊळ, दुसरीकडे होली क्रॉस चर्च. कार्तिकात यात्रा भरते तेव्हा कोण कुठल्या देवाचा, हे गर्दीत ओळखून दाखवा! सासूबाईंच्या मैत्रिणी चर्चमधून सुटल्या की यात्रेत बांगड्या भरायला यायच्या.

सुकेळी म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली. सुकली की अंगचाच मध सुटतो, तपकिरी होतात. केळीच्या सोपट्यात बांधून ठेवतात. पांढरी साखर लागलेली दिसली तर घेऊ नका. आता करणारी घरं थोडी उरलीत, कारण राजेळीच्या बागांवर टॉवर आलेत. दुकानात विचारू नका, वाडीत विचारा.

वापीवाला

उत्तर किनारा म्हणताय आणि दमण विसरताय? मोटी दमणच्या किल्ल्यात बॉम जेझूचं चर्च आहे, १६०३चं. वेदीमागचं लाकडी कोरीवकाम बघत मान अवघडते. पायऱ्या नाहीत, बाक भरपूर, शांतता तर विचारू नका. आईंसाठी वसईपेक्षा बरं.

वसईशी नातंही आहे. १८८६ पासून १९२८ पर्यंत वसई-साष्टीतले पोर्तुगीज पदरवादोखालचे (चर्चचा कारभार बघायच्या पोर्तुगालच्या हक्काखालचे) धर्मग्राम दमणच्या बिशपच्या अखत्यारीत होते. राज्य इंग्रजांचं, पण चर्चचा कारभार दमणहून. त्यामुळे एकाच गावात दोन गट आणि दोन चर्चेस असंही झालंय. बाजूबाजूला दोन चर्चेस दिसली की समजा, भांडण मोठं होतं.

खाडीपलीकडचा

@वापीवाला, दोन दिवसांत दमण नको कोंबायला. त्यांना दोन दिवस आणि दोन गुडघे आहेत.

ताई, वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला आणि त्याचं कॅथेड्रल पापडीलाच, कृपामातेचं. म्हणजे त्या बाई म्हणायच्या ते 'आमचं चर्च' बहुतेक तेच. आणि मुलासाठी एक लालूच देतो. गासचं चर्च संत गोन्सालो गार्सियांच्या नावाचं. वसईत १५५७ साली जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. आधी जपानमध्ये व्यापारी, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाले. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रूसावर. भारतात जन्मलेले पहिले संत, १८६२.

पावसाळी_चप्पल

जपान म्हटल्यावर चिरंजीवांनी हेडफोन काढले. धन्यवाद! सुट्टी मंजूर झाली की जातोय.

तात्या_गिरगावकर

काळजी करणाऱ्यांसाठी: जिवंत आहे. मुद्दा मांडला नाही.

पावसाळी_चप्पल

धागा वर काढतेय. जाऊन आलो!

शनिवारी सकाळी किल्ला. आई प्रवेशापासून कॅथेड्रलपर्यंत हळूहळू आली, नंतर एका पडक्या कमानीच्या सावलीत बसून राहिली. मुलगा आणि मी फ्रान्सिस्कनांच्या थडग्यांपर्यंत गेलो. पाऊस नव्हता, म्हणून @खाडीपलीकडचा यांची युक्ती केली, बाटलीतलं पाणी एका दगडावर हळूच ओतलं. आधी काहीच दिसलं नाही. मग एक एस, एक ए, आणि ढालीसारखं काहीतरी. मुलाने उरलेलं पाणीही ओतलं आणि दिवसभर आम्ही तहानलेले फिरलो. शेळी भेटली नाही, कुत्रं भेटलं.

दुपारी गासला गेलो. बंद. @नंदाखाळकर यांनी बजावलं होतं, तरी गेलो, चूक आमची. चिरंजीव गेटबाहेर उभं राहून नागासाकीचा नकाशा बघत होते. दहा मिनिटांनी तिथून जाणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "कुणाकडे आलात?" संतांकडे आलोय म्हटल्यावर हसल्या आणि म्हणाल्या, "चारनंतर या, तेव्हा भेटतात."

रविवारी पहाटे पापडी. पहिली मिस्सा. शेवटचा बाक. आईने सवयीने दारात चपला काढल्याच, मी काही बोलले नाही. इमारतीबद्दल @दगडधोंडे म्हणतात तसं असेलही, मला जुनं-नवं कळलं नाही, कारण वर बघायला वेळच झाला नाही. गाणं सुरू झालं आणि आई दुसऱ्या कडव्यापासून गुणगुणायला लागली. मी बघतच राहिले. नंतर विचारलं तर म्हणाली, "अगं, लंच टाइमला ती फायली लावताना हेच म्हणायची. मला वाटायचं भावगीत आहे."

मिस्सा संपल्यावर आई दफनभूमीत गेली. नाव शोधून काढलं तिने. बरोबर पुण्याहून चिवड्याचा पुडा आणला होता हे मला माहीत नव्हतं. तिथे ठेवू की नको, असा विचार करत उभी राहिली, आणि शेवटी शेजारी फुलं लावणाऱ्या एका आजोबांच्या हातात दिला. ते म्हणाले, "हिच्या नावाने?" आई हो म्हणाली. त्यांनी तिथेच फोडला आणि आम्हालाही दिला.

वांद्रे, एरंगळ, सीप्झ काहीच झालं नाही. पायऱ्यांचा प्रश्न आला नाही, वेळेचाच आला. मंडपेश्वर मुलाने पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलंय.

नंदाखाळकर

ताई, ते गाणं कुठलं होतं ते आईंना विचारा. आमच्या गायनमंडळात सांगतो.

दगडधोंडे

थडग्यावर पाणी ओतलं ते ठीक, पण लोकहो, खडू किंवा पीठ चोळून अक्षरं वाचू नका. दगड खराब होतो. बाकी या वृत्तान्तापुढे माझी यादी फिकी पडली, हे कबूल.

चिंचपोकळीचा_चिंतू

सीप्झच्या मे महिन्यातल्या मिस्साला बाहेरच्यांना गेटवर सोडतात का? कुणी गेलंय?

दगडधोंडे

मी गेलोय एकदा. मरोळच्या लोकांबरोबर आत गेलो होतो, ओळखपत्र जवळ ठेवलं होतं. टोपी न्या, छप्पर नाही आणि मे महिना आहे.

केळीचं_पान

सगळं लिहिलंत, सुकेळी मिळाली का नाही ते राहिलंच!

पावसाळी_चप्पल

मिळाली. चिवडावाल्या आजोबांच्या घरी. पत्ता विचारू नका, आईने कुणालाही द्यायचा नाही म्हणून सांगितलंय. फार थोडी करतात म्हणे.

तात्या_गिरगावकर

ही कुठली रीत? धाग्यात चोवीस प्रतिसाद आमचे आणि सुकेळी तुमची?